सैल झाकण

गाय माजावर आली की हातात वेळ थोडा असतो. गोठ्यातून फोन जातो आणि कृत्रिम रेतन करणारा माणूस गोठवलेल्या रेतमात्रांचा तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कंटेनर मोटारसायकलला बांधून निघतो. गावात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये ‘बाएफ’ उभी केली. दारात येऊन संकरित गाईची सोय करून देणारी ही पद्धत महाराष्ट्रात रुजली, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे आणि त्या कंटेनरचाही. आज मननासाठी तो कंटेनरच घेऊ. डोळे मिटायची गरज नाही, सावकाश वाचलं तरी पुरे.

मनातल्या मनात तो समोर ठेवा आणि त्याच्या अंगाला हात लावा. कोमट लागेल, खोलीतल्या कुठल्याही डब्यासारखा. आत द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे 196 अंश सेल्सिअसला. तुमचा तळहात आणि ती थंडी यांच्यामध्ये काही बोटांचं अंतर. त्या अंतरावर जरा थांबा.

तिथे जवळजवळ काहीच नाही. भांड्याच्या आत भांडं, आणि मधली हवा ओढून काढलेली. ही युक्ती जेम्स ड्यूअरची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1892 च्या सुमारास द्रवरूप वायू साठवण्यासाठी त्याने असं काचेचं दुहेरी भांडं केलं. पेटंट घेतलं नाही. पुढे जर्मनीत त्याच भांड्याचा थर्मास झाला आणि चहा गरम ठेवण्याचे पैसे दुसऱ्यांनी कमावले. ड्यूअर कोर्टात गेला, हरला.

आता उष्णतेच्या बाजूने विचार करून बघा. तुम्ही उष्णता आहात आणि तुम्हाला आत जायचं आहे. हवेवर स्वार होऊन जाता येत नाही, कारण हवा नाही. पण पोकळीतून ऊन पृथ्वीपर्यंत येतंच, तसं किरणांच्या रूपाने जाता येतं. खोलीच्या तापमानाला असलेला काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता फेकत असतो. ती परतवायला ड्यूअरने चांदीचा मुलामा दिला. आजच्या कंटेनरमध्ये आतल्या भांड्याला चकचकीत पातळ पत्र्यासारख्या फिल्मचे कितीतरी थर गुंडाळलेले असतात. दोन थर एकमेकांना घट्ट चिकटू नयेत म्हणून मध्ये जाळीदार कागद. घट्ट गुंडाळलं की काम बिघडतं, कारण स्पर्श झाला की वाट मिळाली.

पोकळीही कायमची टिकत नाही. धातू आणि चिकटद्रव्यं वर्षानुवर्षं वायूचे कण सोडत राहतात. ते टिपायला त्या जागेत सक्रिय कोळशासारखा पदार्थ ठेवलेला असतो, आणि तो नीट काम करतो थंड असतानाच. भांड्यातली थंडीच भांड्याची पोकळी राखते, हे मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत देखणं अंग वाटतं. पोकळी गेली की कळायला उपकरण लागत नाही. कंटेनरला बाहेरून घाम येतो, मानेभोवती बर्फाची साय धरते, आणि नायट्रोजन बघता बघता संपतो.

राहिली मान. आतलं भांडं बाहेरच्या भांड्याला खालून टेकलेलं नसतं, ते मानेला लोंबकळत असतं. एवढं वजन पेलायचं म्हणजे मान जाड हवी, आणि उष्णता येऊ द्यायची नाही म्हणजे पातळ हवी. अभियंत्याने काढलेला तोडगा फायबरग्लासचा आहे: मजबूत, आणि धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहणारा. शिवाय मान अरुंद आणि लांब, म्हणजे वर निघालेली थंडगार वाफ जाता जाता मानेचीच उष्णता घेऊन जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकल उडत जाते तेव्हा प्रत्येक दणका मान आणि भांडं जोडणाऱ्या एका सांध्यावर बसतो. कंटेनर आडवा टाकू नये, हिसके देऊ नयेत, ही सूचना त्या सांध्यासाठी आहे.

इतकं करूनही उष्णता आत येतेच. येऊ द्या, आता तिच्याशी भांडू नका, फक्त मोजा. समजा दिवसाला शंभर मिलिलिटर द्रव उडतो. एक लिटर द्रव नायट्रोजन उडायला साधारण 160 किलोज्यूल लागतात. हिशेब केला तर आत शिरणारी उष्णता निघते 0.2 वॅटच्याही आत. टीव्ही बंद असताना जो लाल ठिपका जळतो, त्या जातीची ऊर्जा. एवढी नगण्य धग अडवता आली नाही म्हणून तीन लिटर द्रव महिन्याभरात संपतो. द्रव हेलियम तर याहून नाजूक, लिटरमागे जेमतेम अडीच किलोज्यूल. तिथे 0.2 वॅट शिरू दिले तर दहा-बारा तासांत तीन लिटर गेले.

म्हणून असं भांडं आखणारा माणूस उष्णता थांबवण्याची प्रतिज्ञा करत नाही. ती किती येईल आणि तिच्यामुळे झालेली वाफ कुठून जाईल, एवढंच तो ठरवतो. आपल्या माठाचं असंच आहे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं. बाहेरून रंग फासून माठ बंद केला तर एक थेंब वाया जाणार नाही, आणि पाणी कोमट पिऊ. कंटेनरमध्येही जो थोडा नायट्रोजन उडून जातो, तोच उरलेल्याला उणे 196 वर धरून ठेवतो.

आता झाकणाकडे बघा. फोमचं लांबट बूच, मानेत सैल बसणारं. नवख्याला ते सदोष वाटतं, घट्ट बसवावंसं वाटतं. एक लिटर द्रव नायट्रोजनचा वायू होतो तेव्हा तो सातशे लिटरच्या आसपास जागा मागतो. घट्ट बूच म्हणजे त्याला जागा नाकारणं. मग तो स्वतः जागा करून घेतो.

हीच गोष्ट मोठी करा. रुग्णालयाच्या आवारात उभी असलेली पांढरी उंच टाकी आठवा. आत ऑक्सिजन, उणे 183 अंशांना. आतलं भांडं स्टेनलेस स्टीलचं, कारण साधं पोलाद या थंडीत काचेसारखं तडकतं. मधल्या पोकळीत परलाइटची भुकटी. स्टीलसुद्धा मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आकसतं, म्हणून पाइपांना वळणं आणि लवचीक नळ्या. वर सुरक्षा झडपा, आणि त्याही अडल्या तर फुटून वाट देणारी चकती. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या हातभर पाइपलाही स्वतःची सुरक्षा झडप लागते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले आणि मध्ये द्रव अडकला, तर तो हातभर पाइप हाच स्फोटक होतो. टाकीखाली एक नळी असते. तिच्यात थोडा द्रव मुद्दाम सोडून, बाहेरच्या हवेने त्याची वाफ करून ती टाकीच्या डोक्यावर परत नेतात, म्हणजे वॉर्डापर्यंत जाण्याइतका दाब राहतो. इतका वेळ जिला बाहेर ठेवलं त्या उष्णतेला इथे आपणहून बोलावलंय, पण ठरल्या दारातून.

भरणं हा मात्र वेगळाच प्रसंग. गरम नळीत पहिला द्रव शिरताच उकळून वाफ होतो, तडतडतो, दाब उसळतो. नळी थंड होईपर्यंत सबुरीच लागते. मग वरून भरलं की थंड फवारा टाकीतली वाफ पुन्हा द्रव करतो आणि दाब उतरतो, खालून भरलं की दाब चढतो. चालक दोन्ही तोट्या कमी-जास्त करत दाब जागेवर ठेवतो. वरची थोडी जागा वायूसाठी मोकळी सोडायची असते. ठरलेल्या उंचीवरच्या छोट्या नळातून द्रव येऊ लागला की थांबायचं. जोडाला तेल-ग्रीस लागलेलं चालत नाही. टँकर डांबरावर उभा करायचा नाही, कारण द्रव ऑक्सिजनने भिजलेलं डांबर नुसत्या दणक्यानेही भडकू शकतं.

नाशिकला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी टाकी भरण्याच्या वेळी गळती झाली. पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान 22 रुग्ण दगावले. इथे थोडं थांबा. टाकीत ऑक्सिजन होता, रुग्ण काही पावलांवर होते. टाकी किती लिटरची, हे आपण आवर्जून विचारतो. ती कोण भरतो, त्याला कुणी शिकवलं आणि गळती झाली तर वॉर्डाचा दुसरा पुरवठा किती वेळात सुरू होतो, हे आधी विचारायला हवं, असं माझं मत आहे.

आता गोठ्याकडे परत या. डॉक्टर कंटेनर भरतो तेव्हा रिकाम्या, गरम भांड्यात आधी थोडाच नायट्रोजन ओततो. आतली उकळी शांत होईपर्यंत थांबतो आणि मग हळूहळू भरतो. घाई केली तर मानेच्या चिकटवलेल्या सांध्याला धक्का बसतो. द्रव किती आहे ते बघायला तो भरीव काठी बुडवतो, बाहेर काढून हवेत हलवतो. जिथवर पांढरं दव धरतं तिथवर द्रव. पोकळ नळी वापरत नाहीत, तिच्यातून द्रव कारंज्यासारखा तोंडावर येतो. रेतमात्रेची कांडी काढताना कांड्यांचा कॅनिस्टर मानेच्या वर आणायचा नाही. कांडीचं तापमान उणे 130 अंशांच्या वर गेलं की आत बर्फाचे कण पुन्हा वाढू लागतात. कांडी परत ठेवली तरी झालेलं नुकसान भरून येत नाही आणि गाय पुढच्या माजापर्यंत रिकामी राहते.

असा कंटेनर तुमच्या गाडीत कुणी ठेवायला दिला तर दोन गोष्टी पाळा. काचा उघड्या ठेवा, कारण नायट्रोजनला वास नसतो आणि हवेतला प्राणवायू कमी झाल्याची सूचना शरीर देत नाही. आणि सांडेल म्हणून झाकणावर फडकं घट्ट बांधू नका. ते सैलच असू द्या.