शिलोहाचा बुरूज आणि वर्धेचा पूर

वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि पुढे आमच्या जिल्ह्याची सीमा होऊन वाहते. 30 जुलै 1991 रोजी तिने जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव बुडविले. 204 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या रविवारी मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना झाली आणि मिस्सा संपल्यावर आम्ही मूठभर माणसे चर्चच्या ओसरीत रेंगाळलो. तेथे एका वृद्ध बाईंनी विचारले, “देव एवढा कायच्यानं कोपला, फादर?” फादर काही बोलण्याआधीच आमच्यातील एका शिकलेल्या गृहस्थांनी उत्तर देऊन टाकले: लोकांचे पाप वाढले की असेच व्हायचे. कोणीही हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. ते मौन आजही आम्हांला टोचते.

त्या उत्तराची मोहिनी कशात आहे, हे पाहिले पाहिजे. आपत्तीला कारण सापडले की मन शांत होते. आणि ते कारण दुसऱ्याच्या पापात सापडले तर ते अधिकच शांत होते. मेलेला दोषी ठरतो आणि वाचलेला आपोआप पुण्यवान. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू नेमक्या याच हिशेबावर बोट ठेवतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच तो श्रोत्यांना त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवितो. मृतांचे खाते उघडायला मात्र तो ठाम नकार देतो.

तरीही हा मोह थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही आणि वर्ध्याच्या माणसांनी तरी हे लपवू नये. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्या वेळी गांधीजी अस्पृश्यतानिवारणाच्या यात्रेवर होते. ही यात्रा नोव्हेंबर 1933 मध्ये वर्ध्याहूनच निघाली होती. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला कळकळीने विरोध केला: भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात आणि असल्या बोलण्याने लोकांमधील अविवेकाला बळ मिळते. गांधीजींनी तो निषेध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपले मतही सोडले नाही. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्या पापात त्यांनी स्वतःला धरले होते. आमच्या ओसरीतील गृहस्थांनी धरले नव्हते. पण तर्क रवींद्रनाथांचाच खरा होता. ढिगाऱ्याखाली अस्पृश्यता पाळणारे सापडले, तसे ती सोसणारेही सापडले. शिक्षा म्हणावी तर ती कोणाला?

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा गावोगावचे लोक गणेशविसर्जन करून झोपी गेले होते. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बनला भूकंप झाला, तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता आणि चर्च भाविकांनी भरलेली होती. दोन्ही ठिकाणी माणसे देवाला विसरून नव्हे, त्याला आठवून मेली. किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे अंगावर पडून. हे कारण रुक्ष आहे खरे. पण त्यातून पुढचे घर कसे बांधावे हे कळते. पापाच्या कारणातून तेवढेही कळत नाही.

मग प्रार्थना कशासाठी? नदीचे पाणी उतरविण्यासाठी ती नाही, हे आमच्यातील साधा शेतकरीही जाणतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात एक छोटी घटना आहे. मोठा दुष्काळ येणार असल्याचे अंत्युखियाच्या शिष्यांना कळले. हा दुष्काळ का, कोणाच्या पापामुळे, असा प्रश्न त्यांनी केल्याची नोंद तेथे नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदियातील बंधूंना मदत पाठवायची, एवढेच त्यांनी ठरविले आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठविली. पवित्र मिस्सेतही विश्वासूंच्या प्रार्थनांनंतर लगेच अर्पणविधी येतो. तोंडाने ज्यांचे नाव घेतले त्यांच्यासाठी हात पुढे करायला मध्ये फारसा वेळ ठेवलेलाच नाही.

आमचे हात मात्र फारसे स्वच्छ नव्हते. मोवाडसाठी आम्ही कपडे गोळा केले, तेव्हा बायकांनी गाठोडी सोडून पाहिली तो काय: उसवलेले परकर, काजे गेलेले सदरे, वितळी पडलेल्या चादरी. जे बोहारणीनेही घेतले नसते ते आम्ही पूरग्रस्तांच्या नावाने अर्पण केले होते. निम्म्याहून अधिक माल बाजूला काढावा लागला. ज्याला आपण मनातून अपराधी ठरविले आहे त्याला फाटके दिले तरी चालते. हे दोन्ही दोष एकाच मुळाचे आहेत, असे आम्हांला आता वाटते.

अशा वेळी आम्हांला डॉ. जे. सी. कुमारप्पा आठवतात. ते तमिळ ख्रिस्ती (आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हेत, पण आम्हां सर्वांना शिकविण्याइतके ख्रिस्ताचे खचित). पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. बिहारच्या भूकंपानंतर जमनालाल बजाजांच्या सांगण्यावरून ते मदतनिधीचे हिशेब पाहू लागले. कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणखर्चावर त्यांनी काही आण्यांची मर्यादा घातली. खुद्द गांधीजी व त्यांची मंडळी आली, तेव्हा त्यांचा खर्चही या निधीतून निघणार नाही, असे त्यांनी महादेवभाईंना स्पष्ट सांगितले. कारण पैसा भूकंपग्रस्तांचा होता. गांधीजींना ते पटले. एकाच आपत्तीत गांधीजींनी दिलेले स्पष्टीकरण आणि कुमारप्पांनी ठेवलेली वही यांपैकी आमच्या मते वहीत प्रार्थना अधिक आहे. ज्याने कधी मदतनिधीचा पै-पैचा हिशेब ठेवला आहे त्याला हे विधान अतिशयोक्त वाटणार नाही.

जुलै 2022 मध्ये हिंगणघाट, समुद्रपूर भागात पुराने वावरे खरडून नेली, पेरलेली पऱ्हाटी आणि तूर गेली. आम्ही पुन्हा मृतांसाठी आणि वाचलेल्यांसाठी प्रार्थना केली. या वेळी देवाच्या कोपाविषयी कोणी बोलले नाही. कोणाला दुबार पेरणीचे बियाणे हवे, कोणाचा पंचनामा व्हायचा राहिला, याची मात्र ओसरीत बसून यादी झाली आणि त्यात आमच्या धर्माचे नाव क्वचितच होते.

1991 मध्ये प्रश्न विचारणाऱ्या त्या वृद्ध बाई आता नाहीत. त्या दिवशी गाठोडी सोडली तेव्हा चिंध्यांमध्ये एक लुगडे निघाले होते, घडी न मोडलेले. ते त्यांचे होते. आपल्या प्रश्नाला त्यांना कोणी नीट उत्तर दिले नाही, आणि उत्तरासाठी त्या थांबल्याही नव्हत्या.