शाईतली गर्दी: जॉर्ज ग्रोस आणि बर्लिनचा रस्ता

रस्त्यावरची गर्दी कागदावर कशी उतरवायची, हा प्रश्न युरोपातल्या वाढत्या महानगरांनी चित्रकारांपुढे उभा केला. क्लोद मोने यांनी १८७३ मध्ये पॅरिसचा एक हमरस्ता वरच्या मजल्यावरून रंगवला. त्यातली माणसे म्हणजे रंगाचे लहान फटकारे. चेहरा एकालाही नाही. उंचीवरून पाहणाऱ्याला गर्दीचा धक्का लागत नाही.

विसाव्या शतकात चित्रकार खाली, गर्दीत उतरला. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच दाखवून दिले होते, की महानगरातला संवेदनांचा अखंड मारा सोसण्यासाठी माणूस अलिप्त होतो. १९१२ मध्ये इटालियन फ्यूचरिस्टांचे प्रदर्शन बर्लिनमध्ये भरले. एकाच वेळी घडणाऱ्या अनेक गोष्टी एकाच चौकटीत कोंबायच्या, ही त्यांची कल्पना तिथल्या तरुणांनी उचलली.

तिला सर्वांत धारदार रूप दिले जॉर्ज ग्रोस यांनी. पहिल्या महायुद्धात स्वेच्छेने सैन्यात गेलेले ग्रोस १९१५ मध्ये आजारपणामुळे बर्लिनला परतले आणि पुढची दोन वर्षे टाक आणि काळी शाई घेऊन शहराचे रस्ते काढत राहिले. या रेखाटनांतली रेघ बारीक, कोरडी आहे. छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. एकाच्या खांद्याची रेघ शेजाऱ्याच्या छातीतून पुढे जाते, दिव्याचा खांब कुणाच्या टोपीतून वर निघतो, भिंतीतून आतली खोली दिसते. तैलरंगात पुढचा माणूस मागच्याला झाकून टाकतो. नुसत्या रेघेला झाकता येत नाही. ग्रोस यांनी या मर्यादेचेच बळ केले. त्यांची माणसे एकमेकांच्या अंगातून आरपार जातात, तरी कुणाची नजर कुणाला भिडत नाही. झिमेल यांनी सांगितलेली अलिप्तता इथे चित्राच्या रचनेतच उतरली आहे, आणि एवढ्या नेमकेपणाने ती क्वचितच कुणाला साधली असेल. हे वळण त्यांनी कलाशाळेत गिरवले नव्हते. लहान मुलांची चित्रे आणि सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवरची रेखाटने आपण अभ्यासली, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

१९१७ मध्ये मालिक प्रकाशनाने त्यांच्या चित्रांचे संच छापले. निव्वळ रेघेचे चित्र छपाईत फारसे काही गमावत नाही, हाही शाईचा एक फायदा.

युद्धानंतर गुंता सुटत गेला. कुबड्या घेतलेला सैनिक, नफेखोर, अधिकारी असे ठळक नमुने पुढे आले. गोंधळाची जागा आरोपाने घेतली. लष्कराची खिल्ली उडवणाऱ्या ‘गॉट मिट उन्स’ या १९२० च्या संचाबद्दल त्यांना न्यायालयाने दंड केला. चित्रे वाचायला सोपी झाली, मात्र पूर्वीची दाटी विरळ झाली.

जानेवारी १९३३ मध्ये ग्रोस पत्नीसह न्यूयॉर्कला गेले. तिथले रस्ते त्यांनी मोठ्या प्रमाणात जलरंगात रंगवले. ओला रंग कडा एकमेकींत मिसळून टाकतो. त्यामुळे त्या चित्रांत गर्दी आहे, पण बर्लिनच्या रेघेतला तो दुरावा नाही.