रुग्णशय्येजवळचा स्वर

सूरह अबसच्या प्रारंभी एका अंध सहाबींचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केतील सरदारांना सत्याचे आवाहन करीत असता हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) तेथे आले व बोलू लागले. प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली. ती आठी त्या अंध माणसाला दिसणे शक्यच नव्हते. तरीही अल्लाहने तिची दखल घेतली आणि त्या आयती कयामतपर्यंत वाचल्या जाणार आहेत.

आपल्या जिल्ह्याने २०१७च्या खरिपात जे भोगले, ते आठवले की हा प्रसंग मला पुन्हा वाचावासा वाटतो. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी व शेतमजूर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक जण दगावले. अशा विषबाधेत दृष्टी अंधुक होते, भानही हरपते. त्या रुग्णाला परिचारिकेचा चेहरा कळत नाही, तिचा स्वर तेवढा कळतो. "भाऊ, आता सुई टोचते आहे," एवढे आधी सांगितले तर तो हात झटकत नाही. तिच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नसली, तरी आवाजातून उतरतेच.

मसजिदे नबवीजवळच्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचा वारसा सांगत आपल्या मुली परिचर्येकडे वळतात, याचा आनंद आहे. मात्र त्यांनी हेही ध्यानी घ्यावे की यवतमाळात केवळ मराठी पुरत नाही. तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, पोडावरचा बाबा कोलामी. गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगितल्यावर ते मान हलवतात. ती मान बहुधा आदराने हललेली असते. (आपल्या उर्दूभाषक दादीही हेच करतात!) म्हणून "समजले का?" असे न विचारता "कशी घ्याल, मला सांगा बरं," असे म्हणावे.

आणि आपण नातेवाईक? इयादतीला दहाजण जातो, त्याच आजाराने कोण गेले ते उशाशी बसून सांगतो, वर सिस्टरवर आवाज चढवतो. प्रेषित (स.) तापाने फणफणलेल्या एका वृद्ध बदूच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांनी थोडकेच शब्द उच्चारले: काळजी नको, अल्लाहने इच्छिले तर हा आजार पापांपासून शुद्ध करणारा ठरेल. वृद्धाने निराशेचे उत्तर दिले, हा ताप मला कबरीत नेणार म्हणून. त्यावर प्रेषित एवढेच म्हणाले: मग तसेच असो.