तिसऱ्याच्या तोंडून

भाऊबीज आपल्याकडे आहे तशी नेपाळातही आहे. तिथे दिवाळीच्या सणाला तिहार म्हणतात, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी बहीण भावाच्या कपाळी सात रंगांचा टिळा लावते. या दिवसाचे नाव भाइटीका. पण नेपाळीत ‘भाइ’ म्हणजे धाकटा भाऊ. थोरला तो ‘दाजु’ किंवा ‘दाइ’. बहिणींचेही तसेच, थोरली ‘दिदी’, धाकटी ‘बहिनी’. भावाचे नाते सांगायचे तर नेपाळी माणसाला आधी वय पाहावे लागते. कुणी कुणाला वाकून नमस्कार करायचा, हे त्या एका शब्दातच ठरून जाते.

आता तेथून हजारो कोस दूर, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाकडे चलावे. आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो आणि माली या देशांत ज्युला नावाची भाषा बोलली जाते. ‘ज्युला’ या शब्दाचा अर्थच मुळी व्यापारी. मीठ, सोने आणि कोला नावाच्या फळाच्या बिया घेऊन हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर ही भाषा गावोगाव गेली, आणि आज ज्यांची घरची बोली निराळी आहे अशी कितीतरी माणसे बाजारात हीच भाषा वापरतात. नेपाळीचे आणि हिचे कुळ एक नाही. नेपाळी संस्कृतच्या गोतातली, मराठीसारखीच नागरीत लिहिली जाणारी. ज्युला मांदे कुळातली, स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलणारी. पण मौज अशी की ज्युलातही थोरल्या भावंडाला ‘कॉरॉ’ आणि धाकट्याला ‘डॉगॉ’ असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांना ‘चे’ म्हणजे पुरुष किंवा ‘मुसो’ म्हणजे स्त्री जोडले, की भाऊ आणि बहीण होतात.

म्हणजे या दोन भाषांना भाषांतराची अडचण इथे तरी पडू नये. ‘दाजु’ म्हणजे ‘कॉरॉचे’, ‘भाइ’ म्हणजे ‘डॉगॉचे’, हिशेब चुकता. प्रत्यक्षात मात्र शब्दाला असा सरळ रस्ता सहसा मिळत नाही. नेपाळीला जगाशी बोलायचे तर बहुधा इंग्रजीतून, आणि ज्युलाचे कोश बहुतेक फ्रेंचमध्ये अर्थ सांगणारे. तेव्हा ‘दाजु’ निघतो, इंग्रजीत ‘ब्रदर’ होतो, फ्रेंचमध्ये ‘फ्रेर’ होतो आणि पलीकडे पोचतो तेव्हा तो थोरला की धाकटा हे कुणालाच ठाऊक नसते. जे या घरात होते आणि त्याही घरात होते, ते मधल्या वाटेवर सांडले.

भुकेचेही असेच. नेपाळी माणूस म्हणतो, ‘मलाई भोक लाग्यो’. आपल्याला हे वाक्य शिकवायला नको. ज्युला बोलणारा म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ, ‘भूक माझ्या ठायी आहे’. दोघांच्याही मते भूक ही माणसाकडे येणारी गोष्ट आहे. इंग्रज मात्र ‘मी भुकेला आहे’ म्हणतो आणि फ्रेंच माणूस ‘मजजवळ भूक आहे’ म्हणतो. त्या रीतीही आपापल्या घरी योग्यच आहेत. पण दोन शेजारी एकाच चालीने बोलत असताना त्यांचे बोलणे तिसऱ्याच्या चालीतून न्यावे लागावे, हे काही मला बरे वाटत नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, ही दोन माणसे भेटणार तरी कुठे? ती भेटतात. मालीत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना 2013 ते 2023 पर्यंत होती, तीत नेपाळी जवान होते. आणि तिथली बंबारा ही ज्युलाची सख्खी बहीण, एकीचे बोलणे दुसरीला कळते. फार लांब कशाला, आपल्या कोकणात हापूसच्या बागा राखायला नेपाळी गडी येतात, आणि आपल्याकडच्या काजू कारखान्यांत आयव्हरी कोस्टची बी येते. यंदाच्या काजूकतलीतला एखादा काजू ज्या बाजारात तोलला गेला, तिथला भाव ज्युलात ठरला असेल. माल येतो, माणसे येतात. शब्द तेवढे आडवाटेने येतात.

मी शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा भाषाशास्त्राचा निवाडा मी करणार नाही. मला पडलेला प्रश्न नीतीचा आहे. मधल्या भाषेला दोष द्यावा काय? तसे करणे कृतघ्नपणाचे होईल. ती नसती तर नेपाळीला ज्युलाचा आणि ज्युलाला नेपाळीचा पत्ताही लागला नसता. नदीवर एकच नाव असेल तर नावाड्याला शिव्या देऊन भागत नाही. आता यंत्रेही भाषांतर करतात. 2024 साली गूगलच्या भाषांतरयंत्रात ज्युलाची भर पडली, नेपाळी तीत आधीपासून होती. हेही चांगलेच झाले. परंतु जो निरोप पोचवतो, त्याने वाटेत काय गळले ते सांगावे, एवढी अपेक्षा करणे गैर नाही. गळलेले न सांगता ‘सगळे पोचले’ म्हणणे ही लबाडी आहे, मग ती माणसाची असो की यंत्राची.

आणि सरळ रस्ता सापडला तरी काम सोपे होत नाही. ज्युलात समोरच्या एका माणसाला ‘इ’ म्हणतात. नेपाळीत मात्र ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ अशा पायऱ्या आहेत. ज्युला बोलणाऱ्या एखाद्या म्हातारीने ‘इ’ म्हटले, तर भाषांतरकाराने तिच्या तोंडी काय घालावे? ‘तँ’ घातला तर ती उर्मट ठरेल, ‘तपाईं’ घातले तर कदाचित लाचार. मधला मार्ग म्हणून ‘तिमी’ घ्यावे, तर तीही एक निवडच झाली. इथे तटस्थ राहण्याची सोय नाही. म्हातारी कोण, ऐकणारा कोण, दोघांचे नाते काय, हे विचारल्यावाचून एक सर्वनामसुद्धा खरे लिहिता येत नाही. परक्याबद्दल मत बनवताना आपण इतकी चौकशी एरवी करतो का?

ज्युलाच्या गोतातल्या भाषांसाठी सोलोमाना कांते या गिनीच्या माणसाने 1949 साली एक लिपी घडवली. आफ्रिकेच्या भाषा लिहिण्याजोग्या नाहीत असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. लिपीचे नाव त्याने ‘न्को’ ठेवले. त्याचा अर्थ ‘मी म्हणतो’. नेपाळात भानुभक्त आचार्यांनी 19व्या शतकात रामायण लोकांच्या बोलीत आणले, त्यामागेही हीच ओढ असली पाहिजे. आपले म्हणणे आपल्या तोंडाने म्हणावे, असे प्रत्येक माणसाला वाटते. ते ज्याला शक्य नाही, त्याच्या वतीने बोलणाऱ्याने निदान एकदा थांबून विचारावे: तुझा भाऊ म्हणालास तो थोरला, की धाकटा?