आकाशाची निळाई आणि रूपमतीची नर्मदा

धामनोदहून उत्तरेकडे पाहिलं की विंध्याची रांग दिसते. दुपार चढली की ती निळसर राखाडी होत आकाशात विरघळते. त्याच रांगेच्या कड्यावर मांडूचा रूपमती महाल आहे. मुळात ही लष्करी टेहळणीची जागा. माळव्याचा सुलतान बाजबहादुर याची प्रिया रूपमती इथून नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे, असं परंपरा सांगते. 1561 मध्ये अकबराचा सरदार अधमखान याने बाजबहादुराचा पराभव केला आणि त्याची सत्ता मोडली, पण दर्शनाची कथा टिकली. महालाखाली हजार फुटांहून खोल निमाडचं मैदान पसरलेलं, आणि त्यात दूरवर नदी. हवा निवळ असली तर चंदेरी रेघ दिसते, नसली तर काहीच नाही.

हेच दृश्य आता संगणकावर जुळवलं जातं. महाल एका फोटोतला, खलघाटची नर्मदा दुसऱ्यातली, ढग तिसऱ्यातले. फोटोशॉपमध्ये 1994 पासून लेयरची सोय आहे, त्यामुळे तिन्ही एकावर एक ठेवणं सोपं. तरी पहिल्या जुळणीत ती वहीत चिकटवलेली कात्रणंच वाटतात, कारण त्यांच्यामध्ये हवा नसते. हवेतले सूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लांबचा डोंगर निळा दिसतो. बाष्प आणि धूळ सगळेच रंग विखुरतात, म्हणून तो फिकट होतो. जाणता कारागीर हाच नियम पाळतो. लांबच्या लेयरमधला काळा रंग उजळवतो, कॉन्ट्रास्ट उतरवतो, कडा मऊ करतो, मधे पारदर्शक धुक्याचा हलका थर देतो. गडद सावल्या फक्त जवळच्या दगडांना ठेवतो. सगळ्या तुकड्यांत ऊन एकाच बाजूने यावं, क्षितिज एकाच उंचीवर असावं, याची काळजी घेतो.

पण ते धुकं फोटो काढले त्या दिवशी नव्हतंच. मग हे असत्य झालं का? चित्र तीर्थाचं असेल तर हा प्रश्न जास्तच टोचतो.

उत्तराची दिशा शंकराचार्यांकडे मिळते. याच नर्मदेकाठी, ओंकारेश्वरी, त्यांना गोविंदपाद गुरू भेटले, अशी श्रद्धा आहे.  ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच आचार्य अध्यासाची, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे गुण लादण्याची, चर्चा करतात आणि दाखला देतात आकाशाचा: अजाण माणसं त्याच्यावर घुमटाचा आकार आणि मळकट रंग लादतात. वेदान्ती पुढे एक बारीक भेद करतात. अंधारात दोरी साप वाटली, तर दोरी ओळखली की साप नाहीसा होतो. आकाशाचं तसं नाही. ते निळं नाही हे कळल्यावरही निळंच दिसत राहतं. फसवणूक तेवढी संपते.

फोटोतल्या धुक्याला हा भेद नेमका लागू पडतो. माहीत असलेला आभास सुंदर राहतो आणि निरुपद्रवीही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगळ्या निगेटिव्ह जोडून काही सागरदृश्यं केली, कारण एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट उतरत नसत. नाथद्वाऱ्याचे चित्रकार तर भक्तांच्या फोटोंतले चेहरे कापून श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात बसवत आणि सांधा कुंचल्याने बुजवत. ज्या घरात ते चित्र लागे, त्या घराला ते कसं झालं हे ठाऊक असे. तिथे कुणाची फसवणूक नव्हती, होती ती देवासमोर उभं राहण्याची इच्छा.

खरा दोष दुसरीकडेच आहे. रुंद, झळझळीत नर्मदा ओढून थेट रूपमतीच्या महालाच्या पायथ्याशी आणली, की रूपमतीच्या दर्शनातला अर्थच जातो. रोज तेवढ्या अंतरावरून, दिसेल न दिसेल अशा रेघेकडे पाहणं, हीच तिची निष्ठा. कारागिराने घातलेलं धुकं ते अंतर राखतं, म्हणून ते सत्याच्या बाजूचं आहे. नदी जवळ ओढणारा मात्र भूगोल आणि भक्ती दोन्ही मोडतो, मग त्याचे सांधे कितीही बेमालूम असोत.

म्हणून अशी चित्रं करणाऱ्यांना एक विनंती. धुकं जरूर घाला, पण अंतर कापू नका. आणि चित्राखाली एक ओळ लिहा: हे जुळवलेलं चित्र आहे, महाल मांडूचा, नदी खलघाटची.