कपि, पिक आणि लेबलांचे यंत्र

शब्द म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर वैयाकरण, मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके जो वाद मांडला, त्याचे दप्तर आज बहुधा पाठशाळांच्या कपाटांतच बंद असते. आणि तरीही त्यातील प्रत्येक पक्षाला नव्याने हजर राहून आपली कैफियत द्यावयास लावील असे एक स्थळ आहे, ते म्हणजे लोणची, मसाले, औषधे यांच्या वेष्टनांवरील लेबले छापणारे थर्मल प्रिंटर नावाचे यंत्र. वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनी बरणीवरील सक्तीचा तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत देण्याची मुभा ठेवली असल्यामुळे मराठी ही तेथे वरकड हौसेची बाब ठरते, आणि पुष्कळसे कारखानदार इंग्रजीवरच निभावून नेतात. इंग्रजी मजकूर हे यंत्र निमूटपणे छापते. मराठी मजकूर घातला की मात्र तत्त्वज्ञान सुरू होते.

पहिली अडचण नामाची. यंत्राला अक्षर ठाऊक नसते, संख्या ठाऊक असते. आणि कोणत्या संख्येने कोणते अक्षर समजावे याचे तक्ते एकाहून अनेक असल्याने, कोणता तक्ता चालू आहे हे यंत्राला आधी बजावून सांगावे लागते. १७९ ही एकच संख्या घ्या. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या इस्की तक्त्यात तिचा अर्थ ‘क’; जुन्या अमेरिकी ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात तीच संख्या म्हणजे चौकटी आखण्याची उभी रेघ; आणि विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात ओळीच्या वर चढविलेला इवलासा तीन. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक २३२५ असून यूटीएफ-८ पद्धतीने तो २२४, १६४ आणि १४९ अशा तीन संख्यांनी पाठविला जातो. यंत्र त्या वेळी ४३७ च्या तक्त्यावर असेल, तर एका ‘क’ ऐवजी ग्रीक आल्फा, डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन आणि स्वराघात ल्यालेला ओ अशी त्रिमूर्ती लेबलावर अवतरते. झीब्रा कंपनीच्या यंत्रांत ‘सीआय २८’ एवढी आज्ञा दिली की हा घोटाळा मिटतो. शब्दार्थांचा संबंध नैसर्गिक की सांकेतिक, या वादात संकेताची बाजू घेणाऱ्या नैयायिकाला याहून सोयीचा साक्षीदार मिळणे कठीण.

परंतु संकेत ठरला, देवनागरीचा फाँटही यंत्राच्या स्मृतीत उतरविला, आणि तरीही लेबल चुकते. खरे रहस्य आहे ते येथे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या देवताधिकरणात शंकराचार्यांनी, वर्णांहून निराळा असा अखंड शब्द मानणाऱ्या स्फोटवादाचा परामर्श घेताना, एक आक्षेप नोंदविला आहे: वर्ण हेच जर शब्द असतील, तर ‘जारा’ आणि ‘राजा’, ‘कपि’ आणि ‘पिक’ यांत वर्ण तेच असूनही निराळ्या शब्दांची प्रतीती का व्हावी? आचार्यांचे उत्तर असे की, वर्ण तेच असले तरी ते ज्या क्रमाने बुद्धीवर आरूढ होतात तो क्रम निराळा असतो. मुंग्या क्रमाने चालतात म्हणूनच रांग अशी बुद्धी होते, तसेच हे. वर्ण आणि त्यांचा क्रम एवढ्याने काम भागत असता स्फोट नावाचे आणखी एक तत्त्व मानण्याचे कारण नाही, आणि या मताचे श्रेय ते भगवान उपवर्षांना देतात.

आता हाच ‘पिक’ शब्द, फाँट असलेल्या पण अक्षरांची जुळणी न शिकलेल्या यंत्राला द्यावा. युनिकोडने इस्कीचाच पायंडा पाळून उच्चाराचा क्रम प्रमाण मानलेला असल्यामुळे आधी ‘प’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’ अशा क्रमाने वर्ण येतात, आणि यंत्र त्यांना इमानेइतबारे त्याच क्रमाने शेजारी शेजारी बसविते. परंतु नागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनामागून येत असूनही लेखनात त्याच्या आधी उभी राहते. परिणामी ‘प’ ची वेलांटी ‘क’ च्या माथ्यावर कमान टाकते आणि लेबलावर ‘पकि’ उमटते. ‘कपि’ दिला तर वेलांटी शेवटी आधाराशिवाय लोंबत राहते. रफाराची गत याच्या उलट: ‘कर्ता’ मधील अर्धा र उच्चारात ‘त’ च्या आधी, कागदावर मात्र त्याच्या डोक्यावर. म्हणजे आचार्यांची मुंग्यांची रांग कानासाठी सरळ असली तरी नागरी लिपीत ती पदोपदी मोडते, आणि मोडलेली रांग वाचूनही कोणाही शाळकरी मुलाच्या बुद्धीत ती विनासायास पुन्हा सरळ होते. क्रम हा ना कागदाचा धर्म, ना डोळ्याचा. तो बुद्धीचा आहे, असेच यावरून दिसते, आणि आचार्यांनी बुद्धीचेच नाव घेतले होते हे त्यांच्या सावधपणाचे लक्षण मानले पाहिजे.

स्फोटवादी भर्तृहरीचा अनुयायी इतक्यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल की, ज्या यंत्राला जुळणी येते ते काय करते ते पाहा: एकेक वर्ण हाती येताच त्याची आकृती काढण्याची घाई न करता ते संपूर्ण अक्षर पुरे होईपर्यंत थांबते, आणि मगच कोणाला अर्धे करावयाचे, कोणाला माथ्यावर चढवावयाचे, कोणाला पुढे आणावयाचे हे ठरविते, अर्थात अवयवांना रूप मिळते ते अवयवीमुळे, आणि अवयवी आधी एकसंध ग्रहण झाल्यावाचून अवयवांचा निर्णयच होत नाही. हा युक्तिवाद देखणा आहे, आणि काही काळ मलाही तो अजिंक्य वाटला. परंतु श्लोकवार्तिकात स्फोटाचे खंडन करणाऱ्या मीमांसक कुमारिलांचा पक्ष येथे अधिक बळकट ठरतो. थांबणे म्हणजे दुसरे काय, तर आधीच्या वर्णांचे संस्कार जपून ठेवून अंत्य वर्णाची वाट पाहणे. आणि तेवढ्यासाठी त्या यंत्रात एक लहानशी स्मृती खरोखरच राखून ठेवलेली असते. अखंड स्फोट तेथे कोणी ठेवलेला नाही. माणसाच्या वाचनाविषयी मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. यंत्रापुरता निकाल मात्र मीमांसकांच्या बाजूने द्यावा लागतो.

मीमांसकांचा दुसरा सिद्धांत, शब्द नित्य असून ध्वनी त्याला केवळ अभिव्यक्त करतो हा, या यंत्रात प्रथमदर्शनी आणखीच शोभून दिसतो. थेट उष्णतेने छापणाऱ्या पद्धतीत शाई नसतेच. रंगद्रव्य आणि ते उठविणारे आम्लधर्मी द्रव्य ही दोन्ही कागदाच्या लेपात आधीपासून निद्रिस्त असतात, आणि तापलेले ठिपके टेकताच त्यांचा संयोग होऊन काळेपणा प्रकटतो. पण नैयायिक हसून विचारील की, लेपात होते काय? काळे होण्याची योग्यता, आणि तीही कागदभर सारखी; ‘ग’ तेथे कोठे होता? आणि उन्हात राहिलेले, तेलाचा हात लागलेले लेबल काही काळाने पांढरे पडते तेव्हा ‘ग’ नष्ट झाला की केवळ अव्यक्तात गेला, याचे उत्तर औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचू न शकणाऱ्या रोग्याला कोणत्याही दर्शनातून मिळत नाही. मेणाच्या वा राळेच्या फितीने छापलेली लेबले अधिक टिकतात, एवढाच व्यवहार. फाँटमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी जो रिकामा चौकोन उमटतो, त्याची तर अभावाला स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्यांनी पूजाच बांधावी.

तक्रारीला खरे स्थान उरते ते मराठीच्या त्या चंद्रकोरीसारख्या रकारात. आचार्यांना द्यावयाची दक्षिणा आचाऱ्यांना जाऊ नये म्हणून मराठीने हा भेद जपला. ‘कैऱ्यांचे लोणचे’ असे लेबल तो भेद पाळल्यावाचून छापताच येत नाही. परंतु संगणकात तो दोन वाटांनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला र, मग हलन्तचिन्ह, मग य. दुसरीत साधा र, हलन्तचिन्ह, त्यापुढे ज्याला ना उच्चार ना आकृती असा एक अदृश्य जोडक, आणि मग य. कागदावर दोन्ही एकच. प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘हा तोच’ अशी ओळख, हे वर्णाच्या एकत्वाचे मीमांसकांचे मुख्य प्रमाण. गाईचा शब्द दोनदा उच्चारला असे लोक म्हणतात, दोन शब्द उच्चारले असे म्हणत नाहीत, हा आचार्यांचाही दाखला. त्या प्रमाणाने दोन्ही बरण्यांवरचे ‘कैऱ्या’ एकच. पण दोन कारकुनांनी दोन वाटांनी ते नाव नोंदविले असेल, तर साधा शोध घेणाऱ्या गोदामाच्या नोंदवहीत ते दोन निराळे माल ठरतात, आणि एका नावाने शोध घेतला असता दुसऱ्याच्या बरण्या मांडणीवर समोर उभ्या असूनही शिल्लक शून्य दिसते. बरण्या मोजणारा माणूस येथे मीमांसक आहे आणि नोंदवही नैयायिक. आणि त्या अदृश्य जोडकाला वर्ण म्हणावे की नाही, याविषयी दोन्ही पक्षांच्या ग्रंथांत एकही अधिकरण नाही.