उमाजींची अक्षरं

पुण्याच्या खडकमाळ आळीतल्या जुन्या मामलेदार कचेरीवरून आपण रोज घाईनं जातो. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इथंच उमाजी नाईकांना फाशी दिलं. भिवडीचे हे रामोशी. पिढ्यान्‌पिढ्या पुरंदर किल्ल्याची राखण केलेली. इंग्रजी अमलात राखणीचे हक्क गेले आणि राखणदारच दरोडेखोर ठरले. दरोडे घातलेही त्यांनी, ते कशाला लपवा? पण आधीच्या एका तुरुंगवासात हा माणूस लिहायला-वाचायला शिकला. मला तर खरं बंड तिथलंच वाटतं. १८३१ मध्ये उमाजींनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. नुसता लुटारू जाहीरनामे कशाला काढेल? शेवटी फितुरी झाली, ते पकडले गेले. त्यांच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनंच पुढं त्यांचं चरित्र लिहिलं.